अवघडला की ओशाळला?

गेल्या उन्हाळ्यात माझ्या हातून भाषांतराची एक चूक झाली. शब्द एकच चुकला, पण त्यामुळे आमच्या घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. परदेशातल्या मराठी मंडळाच्या शाळेत शनिवारी मराठी शिकवणाऱ्या बाईच्याच हातून ती झाली, म्हणून ती इथे कबूल करते आणि तिच्या निमित्ताने एक मुद्दा मांडते.

सासूबाई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. एका दुपारी धाकट्याला शाळेतून आणायला माझ्याबरोबर निघाल्या. अंगावर नऊवारी, वर माझ्या नवऱ्याचा जुना रेनकोट, पायांत पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज. फाटकापाशी बाकीचे आईबाप इंग्रजी शिस्तीत, एकमेकांपासून हातभर अंतर राखून उभे होते. मुलं रांगेने बाहेर यायला लागली आणि सासूबाईंनी बांधावरून पलीकडच्या शेतातल्या माणसाला घालावी तशी साद घातली, "ए सोन्याऽऽ! हिकडं ये की रं!" झाडून सगळ्या माना वळल्या. नऊ वर्षांच्या सोन्याने दप्तर पोटाशी धरलं, खांदे कानांपर्यंत उचलले आणि आमच्याकडे न बघता थेट गाडी गाठली. गाडीत खिडकीकडे तोंड करून पुटपुटला, "आजी, यू आर सो एम्बॅरसिंग."

"काय म्हणतंय गं पोरगं?" सासूबाईंनी विचारलं.

गाडी मागे घेता घेता मी सांगून मोकळी झाले, "काही नाही आई, त्याला लाज वाटली."

त्या गप्प झाल्या. संध्याकाळी चहा नको म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वेळेला मी हाक मारली, तर पदराशी चाळा करत म्हणाल्या, "तूच जा. माझ्यापायी पोराला लाज कशाला?"

माझं काय चुकलं ते मला तेव्हा कळलं. सोन्याला लाज वाटली नव्हती. तो अवघडला होता. या दोन शब्दांत जे अंतर आहे ते इंग्रजीतल्या त्या एका शब्दाने पुसून टाकलं होतं, आणि मी ते तसंच पुसलेलं मराठीत उतरवलं होतं. माझं म्हणणं असं की परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांना मराठी शिकवायची तर रंग, फळं आणि नातेवाईक यांच्या बरोबरीने हे शब्दही शिकवायला हवेत. एरवी ती स्वतःबद्दल चुकीचा निवाडा करत मोठी होतात.

आधी इंग्रजीचं बघू. आमच्या शनिवारच्या वर्गातली मुलं शाळेत वाक्प्रचार शिकून येतात आणि ते मराठीत आणायचा प्रयत्न करतात. मागच्या वर्षी एकीने लिहिलं होतं, 'माझा चेहरा बीट झाला.' 'रेड ॲज अ बीटरूट'चं हे थेट रूप. फिरंग्याच्या गालावर तो रंग खरोखरच चढतो, म्हणून त्यांच्या भाषेत ती उपमा शोभते. कुणी केसांच्या मुळांपर्यंत लाल होतो. कुणाची स्तुती फार झाली तर तो 'स्पेअर माय ब्लशेस' म्हणून माझे गाल वाचवा अशी विनवणी करतो. फजिती झाली की तोंडाला अंडं फासलेलं असतं. 'ब्लश' या क्रियापदाचा जुन्या इंग्रजीतला अर्थसुद्धा लाल होणे एवढाच. थोडक्यात, इंग्रजी माणूस शरमला की नाही हे ठरवायला आधी त्याचा गाल बघतात.

या गालाची चिकित्सा करण्यात एकोणिसाव्या शतकातले विद्वान बरेच गुंतले होते. १८३९ साली टॉमस बर्जेस नावाच्या लंडनच्या डॉक्टरने लाजेच्या लालीवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचा सिद्धांत असा की माणसाच्या मनातला अपराध चारचौघांना दिसावा म्हणून देवानेच गालाला ही सोय करून दिली. पुढे चार्ल्स डार्विनने १८७२ साली माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावदर्शनावर ग्रंथ लिहिला. त्याचं तेरावं प्रकरण लाज, बुजरेपणा आणि गालांवरच्या लालीवर आहे. तिथे त्याने बर्जेसला नेमका प्रश्न केला: देवाने ही सोय मुद्दाम केली असेल, तर ज्यांच्या कातडीवर ती लाली दिसतच नाही अशा सावळ्या आणि काळ्या लोकांच्या चेहऱ्यातही रक्त का उसळतं?

या ग्रंथासाठी डार्विनने १८६७ साली एक प्रश्नावली छापून जगभरच्या मिशनऱ्यांना आणि अधिकाऱ्यांना धाडली होती. दुसराच प्रश्न असा होता: कातडीचा रंग आड येत नसेल तर शरमेने माणूस लाल होतो का, आणि ती लाली अंगावर कुठवर उतरते? एकूण ३६ जणांची उत्तरं आली. त्यांतलं एक मुंबई इलाख्यातल्या अहमदनगर जिल्ह्यातून होतं. एच. अर्स्किन या साहेबाने कळवलं की इथल्या लोकांबद्दल खात्रीने काही सांगणं अवघड आहे, कारण युरोपियन माणसासमोर ही मंडळी आपल्या सगळ्या भावना सवयीने झाकून ठेवतात.

डार्विनच्या ग्रंथात आपल्या नगरकरांची नोंद आहे ती अशी. मला ती वाचून आधी हसू आलं आणि मग जरा रागही आला. साहेबासमोर उभा राहिलेला तो नगरचा माणूस खरंच काही झाकत होता का? मला वाटतं, त्याची मान खाली होती, नजर स्वतःच्या अंगठ्यावर होती, हातांनी उपरण्याचं टोक धरलं होतं. भीड म्हणतात ती हीच, आणि ती उघड उघड समोर होती. साहेब मात्र गालावर बीट उगवायची वाट बघत बसला होता.

आजही हा घोळ संपलेला नाही. मोठं माणूस रागावलं की खाली बघायचं, हे आपल्या घरात मुलाच्या अंगवळणी पडतं. तेच मूल इथल्या वर्गात खाली बघतं, तेव्हा शिक्षक म्हणतात, 'लुक ॲट मी व्हेन आय ॲम टॉकिंग टू यू.' गाल लाल नाही, नजर वर नाही, म्हणजे पोराला काही वाटतच नाही असा अर्थ लावून ते मोकळे होतात.

मराठी शरमेच्या शब्दांमध्ये गाल असतो, पण तो एका कोपऱ्यात. कवितेतल्या नायिकेचे गाल आरक्त होतात आणि नवरी लाजून गोरीमोरी होते, तिथे रंग आहे. बाकी सगळा कारभार उरलेल्या शरीराकडे. मान खाली जाते, जीभ चावली जाते, कानशिलं तापतात, माणूस अंग चोरतो, पाय जड होतात, तोंड दाखवायला जागा उरत नाही. इंग्रजाला जमिनीने आपल्याला गिळावं असं वाटतं आणि आपल्यालाही धरणीने पोटात घ्यावं असं वाटतं. फरक इतकाच की आपल्याकडे ती धरणी सीतेची आई आहे, ती पोटात घेते म्हणजे माहेरी नेते.

पण माझा खरा मुद्दा शरीराचा नसून क्रियापदांचा आहे. मराठीत या प्रत्येक क्रियापदाच्या आत एक छोटा न्यायाधीश बसलेला असतो. दोष कुणाचा, हे तो शब्दातच सांगून टाकतो.

मूल अनोळखी माणसांत बुजतं. त्यात दोष कुणाचाच नाही. पाहुण्याच्या घरी चौथी पोळी घ्यायला संकोच वाटतो, तिथेही कुणी चुकलेलं नसतं. समोरच्याचा मान राखायचा म्हणून आपण गप्प बसतो ती भीड. ती दुसऱ्यापायी असते आणि फार झाली तर भिकेची बहीण ठरते. नवराबायको आपल्यासमोर भांडायला लागले की आपण कानकोंडे होतो. चूक त्यांची, पण खुर्चीत चुळबुळ आपली. तावातावाने चुकीचं बोलणाऱ्याला कुणी पुरावा दाखवला की तो वरमतो. आपली चूक आपल्याच लक्षात आली की माणूस ओशाळतो. तीच चूक चारचौघांत उघडी पडली की खजील होतो. हातून खरोखर वाईट घडलं असेल तर लाज वाटते, शरम वाटते, मेल्याहून मेल्यासारखं होतं. आणि नुसतीच हसण्यावारी न्यायची गोष्ट असेल तर फजिती होते, पचका होतो. मुंबईत वाढलेल्यांचा पोपट होतो.

अवघडणं या सगळ्यांपेक्षा वेगळं आहे. पाय दुमडून फार वेळ बसलं की पाय अवघडतो. नको त्या ठिकाणी, नको तितक्या नजरांमध्ये सापडलं की माणूस अवघडतो. त्याचं काही चुकलेलं नसतं, आजूबाजूची जागा अंगाला होत नसते, इतकंच. दिवस भरत आलेल्या बाईलाही आपण अवघडलेली म्हणतो. इंग्रजी 'एम्बॅरस' हा शब्द फ्रेंचमधून आला आणि त्याचं मूळ स्पॅनिशकडे जातं असं मानतात. मूळ अर्थ अडवणे, वाट अडणे असा होता, आणि स्पॅनिशमध्ये आजही 'एम्बाराझादा' म्हणजे गरोदर बाई. म्हणजे इंग्रजी शब्दाच्या पोटातही कधीकाळी हाच अडकलेपणा होता. लाल गाल आणि अपराध त्याला पुढे चिकटले.

यावर कुणी म्हणेल, बाई, इंग्रजी काय इतकी दरिद्री आहे का? मुळीच नाही. 'शीपिश' म्हणजे मेंढरासारखं तोंड, आपलं ओशाळवाणं. 'क्रेस्टफॉलन'मध्ये कोंबड्याचा तुरा खाली पडलेला आहे. 'मॉर्टिफाइड'च्या मुळाशी लॅटिन मृत्यू आहे, तो आपल्या मेल्याहून मेल्यासारखंच्या शेजारीच राहतो. पण आपली मुलं यांतलं काय वापरतात? डब्यातल्या मेथीच्या भाजीचा वास वर्गात पसरला, 'एम्बॅरसिंग'. बाबांनी शिक्षकांशी बोलताना 'व्ही' आणि 'डब्ल्यू'ची अदलाबदल केली, 'एम्बॅरसिंग'. मित्राची पेन्सिल ढापताना पकडला गेलो, तेही 'एम्बॅरसिंग'. पहिल्या दोन्हींत कुणाचाही अपराध नाही, तिसऱ्यात आहे. तिन्हींना एकच लेबल लावलं की भाजीही चोरीच्या रांगेत जाऊन उभी राहते. मग मूल डबा न उघडता घरी आणतं आणि आपण त्याला 'एवढी कसली लाज वाटते तुला आपल्या खाण्याची?' म्हणून वर रागावतो. म्हणजे चुकीचा शब्द त्याने इंग्रजीत वापरला आणि आपण तो मराठीत पक्का केला.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. मराठीतली लाज ही काही फार निष्पाप वस्तू नाही. लाज हा बाईचा दागिना, असं म्हणत आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलींच्या माना वाकवल्या. एखादी मनाप्रमाणे वागली की तिने तोंड काळं केलं म्हणालो. त्या वाक्प्रचारात बाईबद्दलचा तिरस्कार आहे आणि काळ्या रंगाबद्दलचाही, आणि सावळ्या घरांतून आलेल्या आपल्या लोकांनी तो बिनदिक्कत वापरला. 'चार लोक काय म्हणतील' ही धमकी आमच्यातल्या अनेकींनी विमानात बसताना मुद्दाम मागे टाकली. ती मुलांसाठी परत आणा असं मी म्हणत नाही. 'तोंड काळं करणे' हा वाक्प्रचार शिकवायचाच तर त्याच्यावरच्या डागासकट शिकवावा. पण लाजेच्या नावाने त्रास झाला म्हणून संकोच, भीड, ओशाळणं, वरमणं हे सगळंच फेकून दिलं, तर मुलांच्या हाती काय राहील? तो एकच इंग्रजी शब्द. आणि मग त्यांना वरमताही येणार नाही. आपलं चुकलं हे कळून आवाज खाली आणणं ही चांगली गोष्ट आहे. तिला नाव असलं तर ती जमते.

गेल्या सत्रात मी वर्गात एक खेळ घेतला. मुलांना पाच प्रसंग सांगायचे आणि कुठे अवघडला, कुठे ओशाळला, कुठे वरमला, कुठे खजील झाला, कुठे पचका झाला ते ठरवायला लावायचं. पंधरा मिनिटांचा खेळ पाऊण तास चालला, कारण मुलं भांडायला लागली. दोष कुणाचा, यावरून. मला तेच हवं होतं. इंग्रजीने गरज पडली तेव्हा 'लूज फेस' हा वाक्प्रचार थेट चिनीतून उचलला आणि त्यात कमीपणा मानला नाही. आपल्याला तर कुठे जायचंही नाही. शब्द आजीच्या तोंडी आहेत आणि आजी उन्हाळ्यात इथेच असते.

आता माझी चूक कशी निस्तरली ते सांगते. तिसऱ्या दिवशी सोन्याला विचारलं, "त्या दिवशी तुझं काही चुकलं होतं का?" म्हणाला, "नो." "आजीचं चुकलं होतं?" थोडा विचार करून म्हणाला, "नो. सगळे बघत होते फक्त." मी म्हटलं, "याला मराठीत अवघडणं म्हणतात." त्याने तो शब्द दोनदा म्हणून बघितला.

मग स्वयंपाकघरात गेले. सासूबाई मेथी निवडत होत्या. "आई, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. त्याला तुमची लाज नव्हती वाटली. तो अवघडला होता."

"अवघडला व्हय?" त्यांनी मान वर केली. "मग तसं सांगायचं की! अवघडलेलं माणूस काय, आज ना उद्या मोकळं होतंयच."

दुसऱ्या दिवशी त्या फाटकापाशी आल्या. तीच नऊवारी, तोच रेनकोट, आणि हाकेत तसूभरही कसर नाही. सोन्याने आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. मग हात वर केला. कमरेपर्यंतच, पण केला.