सुट्टी आणि सण

आमच्या प्रोजेक्टवर मेक्सिकोतला एक जण आहे. आमची संध्याकाळ म्हणजे त्याची सकाळ, त्यामुळे रोज कॉलवर भेट होते. गेल्या ऑगस्टमध्ये त्याने सहज विचारलं, "स्वातंत्र्यदिनाला काय केलंस?" मी म्हटलं, "झोपलो."

तो हसला. मला मात्र ओशाळल्यासारखं झालं. कारण खरंच, मी दहाला उठलो तेव्हा वॉचमन खाली झेंडावंदनाच्या खुर्च्या गोळा करत होता. आणि हाच मी, गणपतीच्या मखरासाठी तीन रात्री पुठ्ठे कापत जागलेलो!

त्यांच्याकडे १५ सप्टेंबरच्या रात्री लोक चौकात जमतात. १८१० साली मिगेल हिदाल्गो या पाद्र्याने उठावाची हाक दिली, त्याची आठवण म्हणून राष्ट्राध्यक्ष घंटा वाजवून जयघोष करतात आणि सगळा चौक ओरडतो. मग पोसोले नावाच्या मक्याच्या रश्शावर ताव.

पण तिकडेही सगळं आलबेल नाही बरं का. आपल्या वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया आणि मेक्सिकोचे पहिले संत फेलिपे दे हेसुस, हे दोघे जपानमध्ये नागासाकीला एकाच दिवशी क्रुसावर गेले, ५ फेब्रुवारी १५९७ ला. पुढे मेक्सिकोचं संविधान जाहीर झालं तेही ५ फेब्रुवारीलाच, १९१७ साली. २००६ पासून संविधानाची सुट्टी फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी सरकवली. लाँग वीकेंड! फेलिपेंचा सण मात्र ५ तारखेलाच राहिला.

असं का होतं? मला वाटतं, सणात प्रत्येकाच्या हाताला काम असतं. आपल्याकडेच बघा ना. नाताळात पोरं गोठा बांधतात, नवरात्रात लोक जीवदानीच्या पायऱ्या चढतात, निर्मळच्या यात्रेला घरचे सगळे निघतात. १५ ऑगस्टला आपण काय करतो? उभं राहतो, भाषण ऐकतो, घरी येतो. ज्यात आपला हात लागत नाही, त्याची सुट्टीच होणार.

कुणी म्हणेल, देशप्रेम मनात असलं की झालं. अहो, भक्तीही मनातच असते, तरी आपण मखर करतोच की! शिवाय आमच्या बिल्डिंगमध्ये गणपती, नाताळ, ईद सगळं आहे, पण प्रत्येक सणाला कुणीतरी यजमान आणि बाकीचे पाहुणे. २६ जानेवारीला कुणीच पाहुणा नसतो. असा दिवस झोपून घालवायचा?

म्हणून येत्या २६ जानेवारीसाठी मी सोसायटीत एक प्रस्ताव टाकलाय. संविधानाची उद्देशिका प्रत्येक घराने आपापल्या बोलीत वाचायची. कादोडी, वाडवळी, गुजराती, मालवणी, जी घरात बोलता ती. मग कोल्हापूरकरांसारखी जिलेबी. सेक्रेटरीकाका लगेच म्हणाले, "छान! जिलेबी तूच आण."

म्हणजे सहाचा गजर लावणं आलं. असो, हाताला काम तर मिळालं!