थांबलेले दुखणे

सर्दी होऊन दोन-तीन दिवस झालेले मूल मध्यरात्री कळवळून उठते आणि कानाकडे हात नेते. घरातील वडीलधारी मंडळी लसणाची पाकळी घालून तेल कोमट करतात, दोन थेंब कानात सोडतात. त्यामागे माया असते. परंतु दुखण्याचे मूळ बहुधा कानाच्या पडद्यामागे असते आणि अखंड पडद्यापलीकडे तेल पोहोचत नाही.

नाकाची मागील बाजू व मध्यकर्ण यांना जोडणारी नळी लहानपणी आखूड आणि आडवी असते. सर्दीने ती सुजली की मध्यकर्णात द्रव साचतो, त्यात जंतू वाढतात आणि पडद्यावर ताण येतो. बोलता न येणारे बाळ अशा वेळी दूध नाकारते, आडवे निजवताच रडते. ताप येतोच असे नाही.

कधी पहाटे उशीवर पिवळसर डाग दिसतो आणि मूल मात्र शांत झोपलेले असते. घरचे येथेच फसतात. पडदा फाटून पू बाहेर आल्याने ताण उतरलेला असतो. आजार संपलेला नसतो. बहुतेक वेळा पडदा आपोआप भरून येतो, तोवर कानात तेल, पाणी वा काडी जाऊ देऊ नये आणि डॉक्टरांना दाखवावे.

पहिला उपचार वेदनाशमनाचा : डॉक्टरांनी वजनानुसार ठरवलेली पॅरासिटामॉलची मात्रा. सहा महिन्यांखालील बाळाला प्रतिजैविक बहुधा लगेच दिले जाते. दोन वर्षांवरील मुलाचा त्रास सौम्य असल्यास डॉक्टर ४८ ते ७२ तास वाट पाहू शकतात. मागच्या आजारातील उरलेली बाटली उघडू नये. कानामागे सूज आली, कान पुढे आला किंवा मूल गुंगीत गेले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

वेदना शमल्यावरही द्रव काही आठवडे पडद्यामागे राहू शकतो. मुलाला कमी ऐकू येते. हाक मारली तरी ते वळत नाही, शाळेतून ‘लक्ष नसते’ अशी तक्रार येते. बोलणे शिकण्याच्या वयात ही हानी मोठी. तीन महिन्यांनंतरही द्रव राहिल्यास श्रवणचाचणी करून घ्यावी. ऐकत नाही म्हणून मुलावर रागावण्यापूर्वी त्याला ऐकू येते ना, एवढे अवश्य पाहावे.