तीन मीटरची गाडी कुठे गेली?

आमच्या घरात गेले दोन महिने गाडीवरून वाद चाललाय. बाबांना घरातली पहिली गाडी घ्यायचीय आणि ती ‘जरा दणकट’ हवीय. आम्ही माणसं तीन. बिल्डिंगचं पार्किंग एवढंसं, की शेजारच्या काकांना गाडी लावून उतरताना पोट आत घ्यावं लागतं. तरी बाबा एसयूव्हीच बघतायत. मी छोटी गाडी सुचवली तर म्हणाले, ‘‘अगं, गाडी घ्यायचीय, खेळणं नाही.’’

मग मी त्यांना टाटा पिक्सेलचे फोटो दाखवले. २०११च्या जिनिव्हा मोटर शोमध्ये टाटा मोटर्सने मांडलेली ही कन्सेप्ट कार. लांबी तीन मीटरहून जराशी जास्त, सीट मात्र चार. दारं कात्रीसारखी वर उघडणारी, म्हणजे काकांचा प्रश्न तिथेच मिटला! खरी गंमत चाकांत होती. वळताना पुढची चाकं खूप तिरकी व्हायची, मागचं बाहेरच्या बाजूचं चाक पुढे फिरायचं आणि आतल्या बाजूचं उलटं. त्यामुळे वळणाची त्रिज्या फक्त २.६ मीटर. ती दाखवली होती युरोपातल्या शहरांसाठी. पण अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला जो कुणी कार घेऊन गेलाय, त्याला विचारा ती कुठे हवी होती.

पिक्सेल रस्त्यावर आलीच नाही. कन्सेप्ट कारचं असं होतंच, मान्य. पण ती ज्या नॅनोवर बेतली होती, तीही पुढे बंद पडली. ‘सगळ्यात स्वस्त’ हा शिक्का नॅनोला नडला, हे रतन टाटांनीही नंतर कबूल केलं होतं. छोटी म्हणजे स्वस्त आणि स्वस्त म्हणजे कमीपणा, हे गणित आपल्या डोक्यात पक्कं बसलंय.

सरकारी नियमही त्याला हातभार लावतात. पेट्रोल गाडी चार मीटरच्या आत आणि इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल तर जीएसटी १८ टक्के, त्यापुढे ४०. म्हणून कंपन्या काय करतात? नेक्सॉन, ब्रेझा, व्हेन्यू, तिघींची लांबी ३,९९५ मिलीमीटर. पाच मिलीमीटर राखून पास! तीन मीटरची पेट्रोल गाडी बनवली तरी टॅक्स तोच, मग कोण कशाला बनवेल?

आज एमजीची इलेक्ट्रिक कॉमेट आहे, २,९७४ मिलीमीटरची. नुसती लांबी मोजली तर तीन नेक्सॉनच्या जागेत चार कॉमेट बसतात. रस्ते रुंद करण्यावर एवढा खर्च होतो, मग लांबीप्रमाणे टॅक्स आणि लांबीप्रमाणे पार्किंगचे पैसे का नकोत? माझं तर म्हणणं आहे, तीन मीटरच्या आतल्या गाडीला वेगळा स्लॅबच हवा.

बाबांचा एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. गणपतीला गावी जाताना घाटात, ट्रकच्या शेजारी, छोट्या गाडीत जीव मुठीत धरून बसायचं का? बरोबर आहे. पण गावी आपण वर्षातून दोनदा जातो, बाबा. तेव्हा भाड्याने गाडी घेऊ. उरलेले साडेतीनशे दिवस तुम्ही एकटेच ऑफिसला जाणार आहात.

काल ते टेप घेऊन पार्किंगमध्ये गेले होते. किती भरलं, ते अजून सांगितलेलं नाही.