पहिला चित्रपट काढू इच्छिणाऱ्यांस

नांदेड-लातूरकडील आपल्या एखाद्या घरातील मुलगा वा मुलगी उद्या चित्रपट काढावयाचा म्हणाली, तर तिला हसू नका. पण घरावरचे पत्रेही विकू देऊ नका. भाऊराव कऱ्हाडे यांनी जमीन विकून ‘ख्वाडा’ काढला व २०१४ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो गौरविला गेला. ज्यांच्याजवळ विकावयास जमीनच नाही, त्यांनी हा कित्ता कसा गिरवावा? नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’ (२०१३) पूर्वी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला आणि त्यासच पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पंधरा मिनिटांत मावणारी गोष्ट तीन तास ताणण्याचा हट्ट पहिल्याच खेपेस कशासाठी?

‘ख्वाडा’स मिळालेला एक पुरस्कार चित्रीकरणस्थळीच्या ध्वनिमुद्रणाचा होता, हे थोड्यांच्याच ध्यानी असते. नवखा दिग्दर्शक सारा पैसा कॅमेऱ्यावर घालतो. चित्र अंधुक असले तर प्रेक्षक सोसतो; बोलणे ऐकू आले नाही तर उठून जातो. पिठाच्या गिरणीची घरघर मागाहून पुसणे फार कठीण. म्हणून माइक पात्राच्या जवळ ठेवावा, त्यावर वारा अडविणारे आवरण घालावे आणि प्रत्येक जागी अर्धा मिनिट नुसती शांतता मुद्रित करावी. संकलनात ती उपयोगी पडते.

वैशाखातील दुपारी डोळ्यांखाली काळी सावली पडते. त्या वेळी तालीम घ्या, चित्रण सकाळ-संध्याकाळ करा. आपले सावळे चेहरे पावडर थापून गोरे करू नका. उजेड नीट पडला की ते उत्तम दिसतात. गंजगोलाईत काम असेल तर दुकाने उघडण्यापूर्वी उरका.

वस्तीतील माणसे प्रेमाने येतात, म्हणून त्यांस फुकट राबविणे हा अन्याय आहे, मग दिग्दर्शक आपलाच का असेना! रोज बुडवून येणाऱ्यास रोज द्या. संमती लेखी घ्या. ज्यास वाचता येत नाही त्यास वाचून दाखवा. १९७८ च्या नामांतर-दंगलीची झळ लागलेल्या घरात जाल, तेव्हा प्रथम कॅमेऱ्यावाचून जा. बोलता बोलता म्हाताऱ्या माणसाने हात वर केला, तर यंत्र तत्क्षणी बंद करावे. ते अश्रू टिपले असते तर लघुपट गाजला असता, असा मोह होईल, तो आवरावा. तयार झालेला लघुपट कोणत्याही महोत्सवास धाडण्यापूर्वी त्या घरी दाखवा आणि ते जे दृश्य नको म्हणतील, ते काढून टाका.