देवमाशाची शिदोरी

गेल्या वैशाखांत सुट्टीनिमित्त घरीं नातवंडांचा मेळा जमला होता. मागच्या दारीं विहिरीवर पोहणें चाले आणि पाण्याखालीं सर्वांत अधिक वेळ कोण राहतो याची चढाओढ लागे. थोरल्या नातवानें पाऊण मिनिट काढलें तेव्हां साऱ्यांनीं टाळ्या पिटल्या. धाकटी नात पायरीवर बसून हें पाहत होती. तिनें विचारलें, "आजोबा, देवमासा तर तासभर पाण्यांत राहतो. मग त्याची छाती केवढी मोठी असेल हो?" मीं तत्काळ उत्तर दिलें, "फारच मोठी. तींत तो भरपूर हवा कोंडून घेतो." हेंच उत्तर वर्गांत तीस वर्षें देत आलों होतों. रात्रीं पुस्तकें चाळूं लागलों तेव्हां कळलें कीं, तें साफ चुकीचें होतें. त्या चुकीची दुरुस्ती आज वाचकांसमक्ष करावी म्हणतों.

देवमासा हा नांवाचाच मासा. त्याला कल्ले नाहींत, मादी पिलांना दूध पाजते आणि श्वासासाठीं त्याला पाण्याच्या पृष्ठभागावर यावेंच लागतें. पण त्याची बुडी पाहा! क्यूव्हिए या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाच्या नांवानें ओळखली जाणारी देवमाशांची एक चोचवाली जात आहे. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण किनाऱ्यानजीक या जातीच्या देवमाशांच्या अंगावर नोंद ठेवणारीं यंत्रें बसविलीं होतीं. त्यांपैकीं एक जण २,९९२ मीटर खोल जाऊन आल्याचें २०१४ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच जातीच्या दुसऱ्या एकाची अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील केप हॅटरासजवळची बुडी २०१७ सालीं नोंदली गेली, ती तब्बल ३ तास ४२ मिनिटांची!

आतां एवढ्या खोलीवर छातींतली हवा कितपत कामाची? दर १० मीटर खालीं गेलें कीं पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. हजार मीटरवर तो शंभरपट होतो. आपल्या योगशास्त्रांत पूरक, कुंभक, रेचक असा क्रम सांगितला आहे, परंतु कुंभक करून बसण्याची ही जागाच नव्हे. देवमाशाची छाती या दाबाखालीं लवून आंत दबते, फुप्फुसांतील सूक्ष्म पिशव्या मिटतात आणि उरलीसुरली हवा जाड भिंतींच्या श्वासनलिकांत ढकलली जाते. तेथून ती रक्तांत उतरूं शकत नाहीं. हें त्याच्या हिताचेंच आहे. कारण हवेंत प्राणवायूच्या चौपट नत्रवायु असतो. नळकांड्यांतील दाबाची हवा घेऊन खोल उतरणारे पाणबुडे घाईनें वर आले तर त्यांच्या रक्तांत विरघळलेला नत्रवायु, सोड्याची बाटली उघडावी तसा, बुडबुड्यांच्या रूपानें बाहेर पडतो. सांधे आखडतात, प्रसंगीं प्राणही जातो.

मग देवमाशाची शिदोरी असते कोठें? ती रक्तांत आणि मांसांत. प्राणवायु धरून ठेवणारें मायोग्लोबिन नांवाचें द्रव्य आपल्याही स्नायूंत आहे, पण खोल बुडणाऱ्या देवमाशांच्या स्नायूंत तें आपल्या दसपटीहून अधिक असतें. त्यामुळें त्यांचें मांस तांबडें न दिसतां काळपट दिसतें. केंब्रिजचे जॉन केंड्र्यू यांनीं स्पर्म देवमाशाच्या मांसांतूनच हें द्रव्य घेऊन १९५८ सालीं त्याची घडण उलगडली. कोणत्याही प्रथिनाची घडण अशी प्रथमच दिसली. १९६२ सालीं त्यांना मॅक्स पेरुट्झ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें. एवढें द्रव्य दाटीनें भरूनही त्याच्या गुठळ्या कां होत नाहींत, याचा उलगडा २०१३ सालीं झाला. त्याच्या कणांवर सारखाच विद्युत्भार असल्यानें ते एकमेकांना दूर सारतात.

शिदोरी मोठी असली तरी ती उधळली तर कितीशी पुरणार! दुष्काळाच्या सालीं घरचा कर्ता पुरुष काय करतो? पोरांना व दुखणाइतांना आधीं वाढतो आणि धडधाकटांना म्हणतो, तुम्ही तुमच्या कणगींतलें खा. देवमाशाचें शरीर हेंच करतें. मेंदूला व हृदयाला रक्त जातें, बाकीच्या वाटा आवळल्या जातात आणि स्नायु आपल्या मायोग्लोबिनावर गुजराण करतात. पेर शोलांडर या शास्त्रज्ञानें १९४० सालीं प्रसिद्ध केलेल्या सीलवरील प्रयोगांत याचा सुंदर पुरावा आहे. बुडी चालू असतां स्नायूंत तयार होणारें आम्ल रक्तांत फारसें दिसत नाहीं, सील वर येऊन श्वास घेऊं लागला कीं तें एकदम उसळतें. म्हणजे मधल्या काळांत ती वाट बंदच होती! हृदयही हात आखडतें घेतें. २०१८ सालीं कॅलिफोर्नियाच्या मॉंटेरे उपसागरांत निळ्या देवमाशाच्या अंगावर चोषकांनीं यंत्र चिकटवून ठोके मोजले. पृष्ठभागावर मिनिटाला २५ ते ३७ आणि बुडींत बहुधा ४ ते ८, क्वचित् २ देखील! हें वाचून मीं स्वतःची नाडी मोजली. ती ७८ भरली.

इतकी चोख व्यवस्था, पण भयापुढें ती टिकत नाहीं. सप्टेंबर २००२ मध्यें कॅनरी बेटांजवळ युद्धनौकांच्या कवायती चालू असतां १४ चोचवाले देवमासे फुएर्तेव्हेंतुरा व लान्सारोते यांच्या किनाऱ्यांवर येऊन लागले. पाणबुड्या हुडकण्यासाठीं पाण्यांत सोडलेला सोनार यंत्राचा आवाज सुरू झाल्यावर सुमारें चार तासांतच हें घडूं लागलें. मेलेल्यांची चिकित्सा करतां त्यांच्या रक्तवाहिन्यांत वायूचे बुडबुडे आढळले, म्हणजे पाणबुड्या माणसांचीच व्याधि! आवाजानें बिथरून देवमाशानें आपल्या वर येण्याचा नेहमींचा क्रम मोडला आणि नत्रवायूनें डाव साधला, असा अभ्यासकांचा तर्क आहे. स्पेन सरकारनें २००४ सालीं त्या बेटांभोंवतीं सोनारास बंदी घातली. त्यानंतर तेथें असा सामुदायिक मृत्यु झाला नाहीं, हें तेथील पशुवैद्यांनीं २०१३ सालीं लिहून प्रसिद्ध केलें.

दुसरे दिवशीं हें सारें नातीला सांगितलें. तिनें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाली, "मग आजोबा, ज्यांना तुम्ही तीस वर्षें चुकीचें शिकवलंत, त्यांना आतां कोण सांगणार?" त्यांपैकीं बरेच जण हें मासिक घेतात, असें मीं तिला सांगितलें आहे.