दुर्मिळ आहे, कुणाला देऊ नका!

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, पण आमच्या नात्यागोत्यात गाणं ऐकणारे फार, आणि त्यातले निम्मे तरी हे वाचणार, म्हणून हात आखडत होता. गेल्या आठवड्यात मात्र राहवेना. तेव्हा मंडळी, रागवायचं असेल तर सावकाश रागवा, पण शेवटपर्यंत वाचा. शाळेत चौतीस वर्षं शिकवलंय, अर्ध्यात वर्ग सोडून गेलेलं मला चालत नाही.

झालं असं. एका मोठ्या गवयाच्या खाजगी मैफलीतला यमन फोनवर आला. वर लिहिलं होतं, 'अतिदुर्मिळ, पुढे पाठवू नये'. अर्थात तो मला तिघांकडून आला! खाली प्रतिक्रिया : अप्रतिम. निःशब्द. अंगावर काटा. काय ती तान, वीज म्हणावी की काय! मीही ऐकला. दुसऱ्याच मिनिटाला मन अडखळलं. तबला पत्र्यासारखा वाजत होता. मध्येच बुवा साथीदाराला काहीतरी म्हणाले, तर आवाज चौथीतल्या मुलाचा. पेटी काढून षड्ज लावून पाहिला. हे बुवा जन्मभर काळी एकमध्ये गायले. इथे काळी दोन!

कारण साधं आहे. ज्या कुणी ते टेप केलं त्याच्या यंत्रातले सेल संपत आले असणार. टेप हळू फिरत होती, आणि हळू भरलेली टेप नेहमीच्या वेगानं वाजवली की सूर वर चढतो, लयही वाढते. एका पूर्ण सुराचा फरक म्हणजे वेगात साधारण १२ टक्क्यांची वाढ. म्हणजे ज्या विजेला आमची मंडळी नमस्कार करत होती, त्यातली बरीचशी सेलांची कृपा होती. हे मी लिहून कळवलं. उत्तर काय आलं? 'काकू, इतकं बारकाईनं कशाला ऐकायचं? आनंद घ्यावा.'

बारकाईनं ऐकायचं नाही तर मग ते दुर्मिळ आहे की सुलभ आहे, याचं काय एवढं?

माझं भांडण ध्वनिमुद्रणाशी नाही. मिरजेत वाढलेल्या माणसाचं ते असूच शकत नाही. ज्या गावात तंबोरे घडतात, जिथे दर्ग्यात दरवर्षी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं, त्या गावात मी लहानाची मोठी झाले. खाँसाहेब १९३७ साली गेले, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. तरी त्यांची झिंझोटीतली ठुमरी मला माझ्या वडिलांच्या आवाजाइतकी ओळखीची आहे. हे त्या तबकडीचे उपकार. ७८च्या तबकडीची एक बाजू म्हणजे तीन-साडेतीन मिनिटं. आमच्या घरी अशा तबकड्या सगळ्या मिळून अकरा. दुसरं काही नव्हतंच, म्हणून त्याच त्या पुन्हा पुन्हा ऐकल्या. तो बारीक, टोकदार आवाज मुखड्यावर परत येताना दर वेळी कुठल्या वाटेनं येतो, हे शंभरदा ऐकल्यावर कळायला लागलं. दोनशेव्यांदा ऐकताना पुन्हा वाटलं की आपल्याला काहीच कळलेलं नाही.

आता चुलत-मावस भाऊ अभिमानानं सांगतात, 'माझ्याकडे दोन टीबी गाणं आहे.' मी हिशेब मांडला. रोज तीन तास ऐकलं तरी हे सगळं एकदा ऐकून व्हायला कितीतरी वर्षं लागतील, आणि आम्ही सगळे सत्तरीत! गणिताच्या बाई नव्हते मी, मराठीच्या होते, पण एवढं मलाही कळतं. हा संग्रह ऐकण्यासाठी नाही, असण्यासाठी आहे. घरात सोनं असावं तसा.

आणि सोन्यासारखंच तो कुणाला द्यायचा नसतो. 'तुमच्याकडे बदल्यात काय आहे?' हा पहिला प्रश्न. काही नसेल तर दार बंद.

जुने उस्ताद चिजा लपवून ठेवत, शागिर्दाला वर्षानुवर्षं ताटकळत ठेवत, अशा गोष्टी आपण चवीनं सांगतो आणि त्यांना नावं ठेवतो. पण त्यांनी ती विद्या उभा जन्म घासून मिळवलेली होती. आपण काय केलं? एक बटण दाबलं, किंवा दुसऱ्यानं दाबलेल्या बटणाची नक्कल मिळवली. त्यांची विद्या आपल्याला आली नाही, कंजुषी तेवढी बरोबर आली.

बरं, आणखी एक पाहा. अल्लादिया खाँसाहेबांची एकही तबकडी नाही. १९४६ साली ते गेले, आणि त्यांचा आवाज कसा होता हे ऐकायची सोय उरली नाही. पण गायकी गेली का? केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यात ती राहिली. मंजी खाँ आणि भूर्जी खाँ या त्यांच्या मुलांकडून मल्लिकार्जुन मन्सुरांकडे गेली. कारण ती दिली गेली, आणि घेणाऱ्यांनी कष्टानं घेतली. दिल्यानं टिकतं. कपाटात ठेवल्यानं टिकतं असं आपल्याला उगाच वाटतं.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाहीये. आता घरचंच सांगते.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, नादिष्ट माणूस. नोकरी सांभाळून गावोगावच्या मैफलींना टेपरेकॉर्डर घेऊन जायचा. उशाशी चटणी-भाकरी आणि मांडीवर यंत्र. सांगलीच्या घरात त्याचं लोखंडी कपाट होतं, तीनशे चाळीस कॅसेट. प्रत्येकीवर सुंदर अक्षरात राग, ताल, तारीख, साथीदार. त्याच्यासारखी माणसं नसती तर खाजगी मैफलींतलं निम्मं गाणं हवेत विरलं असतं, हे मी शंभरदा कबूल करीन. पण किल्ली जानव्याला!

माझ्या वर्गातली एक मुलगी गाणं शिकत होती. वडील हमाली करायचे. तिच्या गुरुजींनी भीमपलास सुरू केला होता आणि दादाकडे एका बाईंचा भीमपलास होता, चाळीस मिनिटांचा. मी तिला घेऊन गेले. दादानं तिला चहा दिला, दहा मिनिटं गाणंही ऐकवलं, आणि कॅसेट मागितल्यावर म्हणाला, 'बाळ, ही बाहेर जात नाही.' पोरगी काही बोलली नाही. परत येताना रिक्षात मला म्हणाली, 'बाई, तेवढी दहा मिनिटं माझ्या लक्षात राहिली.'

पुढच्या रविवारी दादा जेवून झोपला तेव्हा मी चोरी केली. किल्ली खुंटीवरच्या सदऱ्यात होती, जानव्याची गोष्ट मी रंगवून सांगितली. दोन कॅसेट शेजारच्या दुहेरी डेकवर उतरवल्या आणि चहाच्या आत जागच्या जागी ठेवल्या. चौतीस वर्षं मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवणाऱ्या बाईची ही कबुली.

दादा २०११ साली गेला. कपाट तसंच कुलूपबंद राहिलं. 'त्याची आठवण आहे, हात नको लावायला,' असं सगळेच म्हणालो, मीसुद्धा. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं. घर तळमजल्यावरचं. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तेव्हा आतून गाळ आला. ती सुंदर अक्षरं धुऊन गेली होती. तीनशे चाळीस कॅसेट घमेल्यानं बाहेर काढल्या. मी पायरीवर बसून पाहत होते.

दादाच्या संग्रहातलं आज जगात काय शिल्लक आहे? मी चोरलेल्या त्या दोन कॅसेट. ती मुलगी आता स्वतः वीसेक मुलांना शिकवते, आणि तो भीमपलास त्यातल्या प्रत्येकाकडे आहे. मला एवढंच वाईट वाटतं की मी दोनच चोरल्या.

म्हणून त्या 'पुढे पाठवू नये'चा मला संताप येतो. ज्या कलाकाराचा, त्याच्या वारसांचा हक्क आहे, त्यांनी नको म्हटलं तर तो शब्द पाळायलाच हवा. पण आपण कोण? केसरबाई ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत किती काटेकोर होत्या, हे जुनी मंडळी जाणतात. त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून अंतराळात गेली. पलीकडच्यांना कुणी विचारलं नाही, बदल्यात तुमच्याकडे काय आहे म्हणून!

तर आता गृहपाठ. कुठलंही एकच ध्वनिमुद्रण घ्या. महिनाभर तेच ऐका. मग 'अप्रतिम' आणि 'निःशब्द' हे दोन शब्द न वापरता चार वाक्यं लिहा : कुठल्या मिनिटाला काय झालं, आणि ते तुम्हाला का आवडलं. 'कविता फार छान आहे' असं लिहिणाऱ्या मुलाला मी कधी गुण दिले नाहीत, तुम्हालाही देणार नाही. आणि तुमच्या कपाटातलं जे देण्यासारखं आहे ते गाणं शिकणाऱ्या एका तरी मुलाला द्या. बदल्यात काही मागू नका. दादा असता तर माझ्याशी महिनाभर बोलला नसता, पण हे त्यालाही सांगितलं असतं. तेव्हा सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून आज इथे लिहिलं.

असो. सेलांचं कुणाला पटत नसेल तर घरी या. पेटी काढून ठेवली आहे.