औषधचाचण्या आणि न खोडता येणारी वही

औषधांच्या मानवी चाचण्यांची माहिती 'ब्लॉकचेन' तंत्राने नोंदवावी, म्हणजे तीत कोणालाही फेरफार करता येणार नाही, अशी सूचना गेली काही वर्षे आग्रहाने केली जात आहे. हे तंत्र समजण्यास अवघड नाही. एकाच कीर्दीच्या प्रती अनेकांच्या हाती आहेत आणि प्रत्येक पानावर मागील पानाच्या मजकुरावरून काढलेला सांकेतिक आकडा लिहिला आहे, अशी कल्पना वाचकांनी करावी. मागचे एक अक्षर बदलले तरी पुढचे सारे आकडे चुकतात आणि इतरांच्या प्रती ती लबाडी उघडी पाडतात.

असा बंदोबस्त अनाठायी आहे, असे म्हणता येणार नाही. पॅरॉक्सेटिन या नैराश्यावरील औषधाची किशोरवयीन रुग्णांवरील चाचणी, 'स्टडी ३२९', प्रसिद्धच आहे. औषध गुणकारी व सुरक्षित असल्याचा तिचा निष्कर्ष २००१ मध्ये छापला गेला. वास्तविक आधी ठरविलेल्या मुख्य कसोट्यांस ते उतरलेच नव्हते. भर दिला गेला तो मागाहून घातलेल्या कसोट्यांवर. स्वतंत्र संशोधकांनी मूळ माहिती पुन्हा तपासून २०१५ मध्ये दोन्ही दावे खोटे ठरविले. येथे तारखेसह गोठविलेली नोंद उपयोगी पडली असती. तथापि भारतात चाचण्यांची सार्वजनिक नोंदणी २००७ पासून आहे व २००९ पासून ती सक्तीची आहे. तेवढ्यासाठी ब्लॉकचेनच हवी असे नाही.

खरी अडचण निराळीच आहे. हैदराबादच्या जीव्हीके बायोसायन्सेसमधील काही चाचण्यांत स्वयंसेवकांच्या हृदयालेखांत बनवाबनवी झाल्याचे फ्रेंच नियामकांना आढळले आणि जानेवारी २०१५ मध्ये युरोपीय औषध संस्थेने सुमारे ७०० औषधप्रकारांची विक्री स्थगित करण्याची शिफारस केली. (त्या औषधांनी कोणास अपाय झाल्याचा पुरावा मिळाला नाही, हेही नमूद केले पाहिजे.) येथे खऱ्या नोंदीवर मागाहून खाडाखोड झाली नव्हती, नोंद म्हणून जे आत गेले, तेच खोटे होते. ब्लॉकचेनने ते इमानेइतबारे जपून ठेवले असते!

संमतीचेही तेच. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीचा प्रकल्प २००९ मध्ये आंध्र प्रदेश व गुजरातेत राबविला गेला. २०१३ च्या संसदीय समितीच्या अहवालानुसार आंध्रातील ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ वर वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. त्या मुलींच्या पालकांना कोणी काही विचारले होते काय, हे कोणत्या यंत्राने सांगावे?

शिवाय प्रती कोणाकडे राहणार? औषधकंपनी, तिच्याकडून मोबदला घेणारी चाचणीसंस्था आणि तिनेच निवडलेले रुग्णालय, एवढ्यांतच त्या वाटल्या गेल्या, तर वह्या तीन पण हितसंबंध एकच, अशी स्थिती होईल. निदान एक प्रत नियामकाकडे व एक कंपनीशी आर्थिक संबंध नसलेल्या विद्यापीठाकडे असल्याखेरीज या पद्धतीला अर्थ नाही.

हैदराबादचा प्रकार उजेडात आणला तो प्रत्यक्ष जाऊन कागद पाहणाऱ्या तपासनीसांनी. ब्लॉकचेनसाठी पैसा मागणाऱ्या योजनेत पूर्वसूचनेविना होणाऱ्या तपासणीसाठी किती माणसे व किती रुपये राखून ठेवले आहेत, तो आकडा आधी मागितला पाहिजे.